डोक्यावरची गाठ: आधी ती हलवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४४. वडिलांच्या दहाव्याला घाटावर मुंडण केलं, तेव्हा न्हाव्याने मध्येच वस्तरा थांबवून विचारलं, "दादा, हे काय आहे?" डोक्यावर मागच्या बाजूला तीन गाठी: एक सुपारीएवढी, दोन वाटाण्याएवढ्या. दुखत नाहीत. कंगवा तिथे अडायचा, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. आता मेहुणे म्हणतात ताबडतोब स्कॅन कर. मावशी म्हणतात हात लावू नकोस, चाकू लागला की पसरतं. कॅन्सर असेल का, मेंदूपर्यंत जाईल का, काढून टाकू का, हे तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, सहज म्हणून, लिहिलंय की वडिलांच्याही डोक्यावर टोपीखाली असंच एक आवाळू होतं.

त्या शेवटच्या ओळीतच अर्धं निदान आहे. उरलेलं तुमच्या बोटात आहे.

मी गेली सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावी सर्जरी करतो. डोक्यावरची गाठ घेऊन आलेला माणूस खुर्चीत बसायच्या आधी मोबाइल पुढे करतो, फोटो दाखवायला. फोटोवरून मला फार थोडं कळतं. गाठ दिसते कशी यापेक्षा ती कुठल्या थरात बसली आहे हे महत्त्वाचं, आणि थर बोटाला कळतो. डोक्याच्या कातडीचे पाच थर असतात. वरून कातडी, तिच्याखाली घट्ट विणीची चरबी, त्याखाली एक मजबूत पांढरा पडदा. हे तिन्ही एकमेकांना इतके चिकटलेले असतात की एकत्रच हलतात. दोन्ही तळवे डोक्यावर दाबून कातडी मागेपुढे करा, सरकते ना? ते हे तीन थर. त्यांच्याखाली सैलसर जाळीचा चौथा थर असतो, म्हणून ती सरकते. आणि शेवटी हाडावरचं पातळ आवरण.

आता गाठ अंगठा आणि तर्जनीत धरा. कातडी सरकवली की गाठही तिच्याबरोबर आली, हाडावरून मोकळी फिरली, तर ती वरच्या थरांतली. गाठ जागची हलत नाही आणि कातडी मात्र तिच्यावरून सरकते, तर ती हाडाची किंवा हाडाला धरून असलेली. बोटाखालून निसटते, मऊ लागते, कडा नीट सापडत नाही, तर बहुतेक चरबीची. आणि कातडी, गाठ, हाड सगळं एकमेकांना चिकटून दगडासारखं झालं असेल, तर घरी विचार करत बसू नका, दाखवायला या.

तुम्ही वर्णन केलंय ते पहिल्या प्रकारचं दिसतं: गोल, टणक पण रबरासारखी, कातडीबरोबर हलणारी, वर्षानुवर्षं तशीच असलेली, एकाहून जास्त, आणि घराण्यात चालत आलेली. याला आम्ही पायलर सिस्ट म्हणतो. जुनी माणसं आवाळू म्हणायची, आणि मला तो शब्द आवडतो, कारण ऐकून कोणी घाबरत नाही. बहुतेक डॉक्टर चिठ्ठीवर आजही 'सेबेशिअस सिस्ट' लिहितात, मीही घाईत लिहितो. पण ते नाव चुकीचं आहे. यात तेलग्रंथीचा स्राव नसतो. केसाच्या मुळाभोवती जे आवरण असतं, त्याच्या पेशींची एक पिशवी तयार होते आणि त्या पेशी आतल्या आत केराटिन साठवत राहतात. नखं आणि केस ज्याचे बनतात तोच पदार्थ. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून साठतो. म्हणूनच ही गाठ पाण्याच्या फुग्यासारखी न लागता भरीव लागते, आणि जुनी झाली की कधीकधी आत चुना धरून आणखी कडक होते.

या गाठींपैकी सुमारे ९० टक्के डोक्यावरच होतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतात, पण बायकांच्या केसांत लपून राहतात. पुरुषांच्या सापडतात त्या टक्कल पडल्यावर किंवा तुमच्यासारख्या मुंडणाच्या दिवशी. एक असली की दुसरी असण्याची शक्यता बरीच, म्हणून मी एक दाखवायला आलेल्या माणसाचं अख्खं डोकं बोटांनी चाचपतो. त्याला वाटतं डॉक्टर चंपी करतायत.

आणि हो, ही आनुवंशिक असते. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला साधारण निम्मी शक्यता. २०१९ साली यामागचा एक जनुकही नक्की झाला, तिसऱ्या गुणसूत्रावरचा पीएलसीडी१. तुम्हाला मुलगी आहे असं लिहिलंय. तिला पुढे होऊ शकतात, पण लहानपणी शोधत बसण्यात अर्थ नाही. या गाठी येतात त्या मोठेपणी.

हिचीच चुलत बहीण म्हणजे एपिडर्मॉइड सिस्ट. ती चेहऱ्यावर, मानेवर, पाठीवर जास्त, डोक्यावर कमी. ओळखायची खूण सोपी: तिच्या माथ्यावर बहुतेकदा एक बारीक काळा ठिपका असतो, आणि दाबलं की त्यातून वासाचा, पांढरट लगदा येतो. सुश्रुताने मेदाच्या गाठीबद्दल लिहिलंय की ती फुटली तर पेंडीसारखं आणि तुपासारखं बाहेर येतं. ज्याने कोणी अशी गाठ फोडली आहे त्याला हे वर्णन लगेच पटेल. पायलर सिस्टला सहसा असा ठिपका नसतो.

दाबून बघायचा मोह आवरा. दाबल्याने पिशवी कातडीच्या आत फुटते, केराटिन आजूबाजूला पसरतं, आणि शरीराला तो पदार्थ तिथे परका वाटतो. मग लाल होते, ठणकते, पू धरते. माणूस येऊन म्हणतो, "कालपर्यंत काही नव्हतं हो." कालपर्यंत नव्हतंच, रात्री आरशासमोर उभं राहून त्याने ते केलं. शिवाय एकदा पिकलेली गाठ आजूबाजूला चिकटते, आणि मग अख्खी पिशवी काढणं अवघड होऊन बसतं. बिब्बा लावणं, चुना-गूळ थापणं, गरम सुई टोचणं हे सगळं मी पाहिलंय. बिब्ब्याने गाठ जात नाही, कातडी मात्र भाजते, आणि त्या जागी केस पुन्हा येत नाहीत.

अशी पिकून फुटलेली, वर मांस वाढलेली गाठ कधीकधी हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले एकोणिसाव्या शतकातले सर्जन एडवर्ड कॉक यांच्या नावाने ती ओळखली जाते, कॉक्स पिक्युलिअर ट्यूमर. आमच्या वेळी तोंडी परीक्षेत हे विचारायचेच. मूळची साधी सिस्ट, पण नुसत्या नजरेने कुणालाच खात्री देता येत नाही. म्हणून काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजीला पाठवावी, या मताचा मी आहे. त्याचं पुढे सांगतो.

आता बाकीच्या गाठी, कारण तुमचं उत्तर वाचून अजून दहा जण आपापलं डोकं चाचपणार.

सगळ्यात जास्त घाबरवणारी 'गाठ' गाठ नसतेच. डोक्याच्या मागे, मान जिथे सुरू होते तिथे मधोमध हाडाचा एक उंचवटा असतो. प्रत्येकाला असतो, पुरुषांत जास्त ठळक. सोळा-सतरा वर्षांची मुलं केस बारीक केल्यावर तो शोधून काढतात आणि रात्रभर इंटरनेट वाचून सकाळी आईला घेऊन येतात. मी त्यांचा हात धरून आईच्या डोक्यामागे लावतो. मग माझ्या. काम संपतं.

खरोखरची हाडाची गाठ म्हणजे ऑस्टिओमा. कपाळावर किंवा कवटीवर गुळगुळीत, हस्तिदंतासारखी कडक, अजिबात न हलणारी. दहा वर्षांत जेमतेम वाढते. एक एक्स-रे किंवा सीटी काढून खात्री करायची आणि दिसायला वाईट वाटत नसेल तर सोडून द्यायची. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा: कवटीवर आणि जबड्यावर अशा अनेक गाठी, सोबत कातडीवर सिस्ट, आणि घरात कुणाला तरुणपणी आतड्याचा कॅन्सर झालेला, हे तिन्ही एकत्र आलं तर आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावी लागते. क्वचितच असतं, पण चुकवायचं नसतं.

चरबीची गाठ डोक्यावर कमी दिसते, कपाळावर जास्त. तिथे ती अनेकदा भुवया उचलणाऱ्या स्नायूच्या खाली दडलेली असते, त्यामुळे वाटते त्यापेक्षा खोल निघते. एखाद्या नवख्या डॉक्टरने "दहा मिनिटांचं काम" म्हणून सुरू केलं की तासभर घाम गाळतो. मीही गाळलाय.

कातडीच्या वरच उगवलेल्या गोष्टी वेगळ्या: चामखीळ, मस, आणि उतारवयात येणारे मेण चिकटवल्यासारखे तपकिरी थर. न्हाव्याच्या कंगव्याने यातून रक्त येतं आणि त्यामुळेच माणूस येतो. जन्मापासून डोक्यावर पिवळसर, बिनकेसांचा चट्टा असेल आणि वयात येताना तो जाड, खरबरीत झाला असेल तर तो तेलग्रंथींचा जन्मखूण-चट्टा. बहुतेक वेळा निरुपद्रवी, पण पुढे त्यात काही उगवतं का यावर लक्ष ठेवायचं.

टेंगूळ काय ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त कानशिलावर बॉल किंवा काठी लागल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आलेली गाठ बोटाला नाडीसारखी ठोके देत असेल, तर ती तिथल्या धमनीची असते. तिला सुई लावायची नाही.

मुलांच्या बाबतीत जरा थांबतो. कानामागे किंवा मानेच्या वर शेंगदाण्याएवढ्या, हलणाऱ्या, दोन-तीन गाठी घेऊन आया येतात, आणि "टीबी तर नाही ना?" हा प्रश्न डोळ्यांत असतो. दोन घट्ट वेण्या घातलेली चौथीतली मुलगी. मी वेणी सोडायला सांगतो, आणि मानेजवळचे केस बाजूला केले की लिखांची रांग दिसते. आई ओशाळते, मुलगी त्याहून जास्त. गाठी म्हणजे अवधाण आलेलं असतं. पायाला जखम झाली की जांघेत येतं, तसंच डोक्यात उवा, कोंडा, खांडूक किंवा बुरशी असली की कानामागे आणि मानेत येतं. मूळ कारण गेलं की काही आठवड्यांत त्या बसतात. पाच-सहा आठवड्यांनीही वाढतच असतील, एकमेकींना चिकटत असतील, ताप किंवा वजन घटणं असेल, तर मात्र तपासण्या हव्यात.

आणि इथे माझी एक चूक सांगायला हवी. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी सात वर्षांचा एक मुलगा आणला. डोक्यावर लिंबाएवढा फुगवटा, मऊ, दलदलीसारखा, वर पुवाचे ठिपके, मानेत गाठी. मला सरळ गळू वाटलं. भूल देऊन चीर दिली. पू नाहीच, नुसतं रक्त आणि चिकट पाणी. आठ दिवस अँटिबायोटिक, काही फरक नाही. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ मित्राकडे पाठवला. त्याने चिमट्याने केस ओढला, तो न दुखता अलगद हातात आला. कातडीचा खरवडलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला: बुरशी. याला केरिऑन म्हणतात. नायट्याचीच बुरशी, पण शरीर तिच्याशी इतकं त्वेषाने भांडतं की गळवासारखं दिसतं. घरी गोठ्यात वासराच्या अंगावर चट्टे होते, हे कुणी मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. सहा-आठ आठवडे बुरशीच्या गोळ्यांनी ते बरं झालं असतं; माझ्या चिरेची त्यात काही गरज नव्हती. तो मुलगा आता मोठा झालाय, तालुक्याला भेटतो, आणि डाव्या बाजूला भांग पाडत नाही. त्यानंतर मुलाच्या डोक्यावरच्या 'गळवा'वर मी केस ओढून बघितल्याशिवाय चाकू उचलला नाही.

लहान मुलांत आणखी एक गाठ आहे जिला उगाच हात लावू नये: जन्मापासूनची, भुवईच्या बाहेरच्या टोकाला किंवा डोक्याच्या, नाकाच्या बरोबर मधोमध असलेली. ती डर्मॉइड सिस्ट. भुवईजवळची सहसा साधी निघते, पण मधोमध असलेलीचा दोरा हाडातून आत, मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला असू शकतो. आधी स्कॅन, मग निर्णय. तुमच्या मेहुण्यांचा स्कॅन इथे बरोबर ठरला असता.

बाळंतपणानंतर बाळाच्या डोक्यावर एका बाजूला, एकाच हाडाच्या हद्दीत येणारा मऊ फुगवटा म्हणजे हाडाच्या आवरणाखाली साठलेलं रक्त. काही आठवड्यांत ते आपोआप जिरतं. त्यात सुई घालू नका, आणि डोक्याला आकार द्यायच्या नावाखाली ते चोळू-दाबू नका.

मग भीती कधी बाळगायची? गाठ आठवड्या-आठवड्याला वाढतेय. वरची कातडी फुटून महिनाभर भरत नाही, रक्त येतं. कडक, वेडीवाकडी, हाडाला चिकटलेली आहे. काळी आहे आणि रंग, कडा बदलतायत. जुन्या भाजलेल्या व्रणावर नवीन मांस उगवतंय. किंवा आधी स्तनाचा, फुप्फुसाचा, मूत्रपिंडाचा, थायरॉइडचा कॅन्सर झालेला आहे आणि आता डोक्यावर नवी गाठ आली आहे, कारण हे आजार डोक्याच्या कातडीत किंवा कवटीत पसरू शकतात. मोठ्या वयाच्या बाईच्या डोक्यावरची वर्षानुवर्षांची शांत सिस्ट अचानक वाढायला लागली, तर तीही काढून तपासायची. आणि सर्दी-सायनसनंतर कपाळावर मऊ, दाबलं की खड्डा पडणारी सूज, ताप आणि डोकेदुखी असेल, विशेषतः किशोरवयीन मुलात, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला जा. ते हाडाचं इन्फेक्शन असतं आणि त्याच्या आत मेंदू असतो.

तुमच्या गाठींना यातलं काही लागू होत नाही. त्या कवटीच्या बाहेर आहेत, आत जायला त्यांना वाट नाही. मावशींची "चाकू लागला की पसरतं" ही भीती कुठून येते ते मला कळतं. पूर्वी लोक कॅन्सर अगदी शेवटच्या टप्प्यात घेऊन यायचे, ऑपरेशन व्हायचं, पुढे माणूस जायचा, आणि दोष चाकूला लागायचा.

काढायलाच हव्यात असंही नाही. वाटाण्याएवढ्या दोन राहू द्या. सुपारीएवढी काढा असं मी म्हणेन, कारण ती कंगव्यात अडते, झोपताना टोचते, आणि वस्तरा फिरताना कापली गेली तर पिकेल.

काढणं कसं होतं ते सांगतो, म्हणजे रात्री झोप लागेल. पूर्ण भूल लागत नाही. गाठीभोवती लिग्नोकेनचं, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं इंजेक्शन, त्यात थोडं ॲड्रिनलिन. डोक्याची कातडी घट्ट असल्यामुळे औषध जाताना चांगलंच चुरचुरतं. "मुंगी चावल्यासारखं होईल" असं सांगणाऱ्या डॉक्टरला स्वतःला कधी टोचलेलं नसतं. मग सात-आठ मिनिटं नुसतं थांबायचं. डोक्यातल्या रक्तवाहिन्या त्या घट्ट थरात ताणलेल्या असतात, कापल्या की मिटत नाहीत, म्हणून डोक्याची छोटी जखमही शर्ट भिजवते. ॲड्रिनलिनने त्या आवळतात. नंतर गाठीच्या माथ्यावर छोटी चीर, वाकडी कात्री पिशवी आणि कातडीच्या मधे सरकवून उघडत जायची, आणि दोन्ही बाजूंनी दाबलं की चकचकीत, मोतिया रंगाची अख्खी गोळी टपकन बाहेर येते, सोललेल्या लिचीसारखी. तिची भिंत जाड असते, म्हणून ती न फुटता निघते. सगळ्या सर्जरीत इतकं समाधान फार कमी ठिकाणी मिळतं. कापून दाखवली तर आत खरवसासारखे थर. हे मी एकदा थिएटरमध्ये बोलून दाखवलं, त्या दिवसापासून आमच्या सिस्टरनी खरवस सोडलाय.

दोन-तीन टाके, आठ-दहा दिवसांनी काढायचे. पिशवीचा तुकडा आत राहिला तर गाठ पुन्हा येते. अख्खी निघाली तर त्या जागी सहसा येत नाही. शेजारी दुसरी येऊ शकते, तिला "पुन्हा आली" म्हणू नका.

गाठ फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून मी तुमच्याच हातात देईन, लॅबला पोचवायला. ती घरी दाखवायला नेऊ नका, आणि खर्च वाचवायला वाटेत टाकूनही देऊ नका. असे दोन्ही प्रकार झालेत.

येण्याआधी साखर तपासून घ्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं नाव लिहून आणा, स्वतःहून बंद करू नका. आणि यायचं असेल तर केस वाढायच्या आत या. सध्या डोकं मोकळं आहे, मला भांग पाडत बसावं लागणार नाही.